काचबिंदू : ऐकीव आणि खरं

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची सवय महाराष्ट्राला मोतीबिंदूने लावली. गावोगावची शिबिरं, त्याच दिवशी घरी सोडणारी ऑपरेशनं, पट्टी काढल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचून दाखवणारी आजी, हे सगळं आपण पाहिलेलं आहे. चांगलंच झालं ते. पण त्यातून एक खात्री घराघरांत रुजली, की म्हातारपणी गेलेली नजर डॉक्टर परत आणून देतात. मग काचबिंदूही लोक त्याच हिशेबाने धरू लागले. या आजाराबद्दलचे बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात.

भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली मांडला गेला. देशात ठिकठिकाणी घरोघर जाऊन पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या रुग्णांपैकी दहातल्या नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याची कल्पनाच नव्हती. आता लोक काय म्हणतात आणि खरं काय आहे ते पाहू.

‘वय झालं की दिसायला कमी होतंच. पिकू दे, मग एकदाच ऑपरेशन करून टाकू.’

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून दुसरं बसवता येतं, म्हणून नजर परत येते. काचबिंदूत बिघाड होतो तो डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यातला जो तंतू सुकला तो गेला. त्याला पुन्हा जिवंत करणारं औषध आज जगात कुठेही नाही, आणि नस बदलताही येत नाही. उपचार होतो तो उरलेले तंतू वाचवण्यासाठी. त्यामुळे काचबिंदू ‘पिकू देणं’ म्हणजे नस हातची घालवणं.

ही नस का सुकते? डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होत असतं. हे अश्रूंचं पाणी नाही, आतलं आहे. मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर. बुबुळ आणि त्यामागचा रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते रक्तात निघून जातं. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, असं झालं की आतला दाब वाढतो आणि त्याचा ताण मागच्या नसेवर येतो. कधी कोपरा उघडा असतो पण जाळीच नीट काम करत नाही. हा ओपन अँगल काचबिंदू. कधी कोपराच चिंचोळा असतो आणि पडदा त्याच्यावर टेकतो. हा अँगल क्लोजर. दुसऱ्या प्रकाराचं प्रमाण आपल्याकडे युरोपातल्यापेक्षा जास्त आहे.

आणि ‘पिकू दे’ हा सल्ला मोतीबिंदूतही धोक्याचाच. फार काळ तसंच ठेवलं की भिंग फुगतं, पडद्याला पुढे ढकलतं, कोपरा बंद होतो आणि मोतीबिंदूच्या पेशंटला काचबिंदूही होतो. मग ऑपरेशन उत्तम झालं तरी नस गेलेली असेल तर दिसत नाही, आणि दोष डॉक्टरच्या माथी येतो.

‘मला पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो. मला कसला काचबिंदू?’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज, म्हणून इथे जरा थांबू.

ओपन अँगल काचबिंदू बहुतेक वेळा आधी कडेची नजर खातो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही कामं मधल्या नजरेची, आणि ती पार शेवटपर्यंत टिकू शकते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. आणि जे उरतं ते मेंदू स्वतःच्या मनाने भरतो.

मेंदूची ही लबाडी आत्ता बसल्या जागी तपासता येईल. दोन्ही हात समोर ताठ करा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे टक लावून पाहत राहा आणि उजवा हात सावकाश उजवीकडे सरकवा. नजर हलू देऊ नका. वीतभर अंतराच्या जरा अलीकडे उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल, आणखी सरकवलं की पुन्हा दिसू लागेल. जिथे नस डोळ्याच्या मागच्या पडद्याला येऊन मिळते तिथे कुणालाच दिसत नाही. ही आंधळी जागा जन्मापासून प्रत्येकाच्या डोळ्यात आहे. आता लक्षात घ्या, अंगठा गेला तेव्हा तिथे काळं भोक दिसलं का? नाही. मागची भिंतच दिसली. मेंदूने आजूबाजूचा रंग घेऊन ती जागा लिंपून टाकली. काचबिंदूत नजरेला पडलेली भगदाडं तो अशीच लिंपत जातो.

जनजागृतीच्या पोस्टरवर मात्र कडेने काळंकुट्ट आणि मधे गोल झरोका, असं चित्र सर्रास छापतात. २०१३ साली लंडनमध्ये काचबिंदूच्या ५० रुग्णांपुढे वेगवेगळी चित्रं ठेवून विचारलं, तुम्हाला यातलं कसं दिसतं? काळ्या बोगद्याचं चित्र एकानेही निवडलं नाही. काहींनी धूसर भाग असलेलं निवडलं, काहींनी वस्तूच गायब असलेलं, आणि काहींना तर काही कमी दिसतंय असं वाटतच नव्हतं. माझं मत विचाराल तर ती पोस्टरं काढून टाकावीत. काळं वर्तुळ दिसण्याची वाट पाहणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

खुणा असतातच, पण त्या डोळ्याच्या वाटत नाहीत. जिन्याची शेवटची पायरी चुकते. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. जेवताना ताटाच्या कडेची आमटीची वाटी कलंडते. रस्ता ओलांडताना बाजूने स्कूटर ‘अचानक’ येते. घरचे म्हणतात, हल्ली यांचं लक्षच नसतं.

नजरेचा हा कडेचा भाग मोजायला फील्ड टेस्ट करतात. अंधाऱ्या खोलीत एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कुठेही प्रकाशाचा टिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बरेच जण बाहेर येऊन खजील होऊन सांगतात, ‘मला अर्धे दिसलेच नाहीत, नापास झालो.’ ते तसंच असतं. मशीन मुद्दाम मंद मंद टिपके दाखवत जातं, तुमची हद्द कुठे आहे ते शोधायला. निर्धास्तपणे द्या. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की या टेस्टमध्ये डाग उमटण्याआधीच नसेतले पाव ते एक तृतीयांश तंतू गेलेले असू शकतात. म्हणून नसेची जाडी मोजणारी ओसीटीही सोबत करतात.

‘प्रेशर नॉर्मल आलंय, म्हणजे सुटलो.’

डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो, असं आपण ऐकतो. पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नाही. अमेरिकेत ज्यांचा दाब जास्त होता पण नस शाबूत होती अशा १,६३६ लोकांवर अभ्यास झाला. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्यापैकी पाच वर्षांत ९.५ टक्क्यांनाच काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. म्हणजे दाब वाढलेल्या बहुसंख्यांना पाच वर्षांत काही झालं नाही, आणि तरीही औषधाने धोका निम्म्यावर आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

उलट बाजूने, दाब कायम १५-१६ असूनही नस सुकत जाणारे रुग्ण पुष्कळ आहेत. दिवसभरात दाब वरखाली होतो आणि आपण तो मोजतो एकाच क्षणी, हाही घोटाळा आहेच. आणखी एक गोष्ट बुबुळाच्या जाडीची. बुबुळ पातळ असेल तर मशीन दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ४,७०० वर लोकांचे डोळे तपासले गेले. तिथे बुबुळाची सरासरी जाडी सुमारे ५१४ मायक्रॉन निघाली. युरोपीय लोकांत ती ५४० च्या आसपास असते. लेझरने चष्म्याचा नंबर घालवला असेल तर बुबुळ मुद्दाम पातळ केलेलं असतं, म्हणून ते डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. लग्न जमायच्या वेळी केलेलं ते ऑपरेशन पन्नाशीत कुणाला आठवत नाही.

तेव्हा नुसता हवेचा झोत मारून काढलेला आकडा पुरेसा नाही. बाहुली मोठी करून मागची नस पाहिली पाहिजे आणि भिंग टेकवून कोपराही पाहिला पाहिजे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नाही.

‘बीपीची गोळी चालू आहे, डोळ्याचं प्रेशरही त्यातच आलं.’

नाही आलं. दोन्ही वेगळे. उलट बीपी रात्री झोपेत फार खाली गेलं तर नसेला रक्त कमी पडू शकतं. रात्री बीपीची गोळी घेत असाल तर काचबिंदूच्या डॉक्टरांना सांगा. मनाने वेळ बदलू नका, गोळी बंद तर मुळीच करू नका.

‘पित्त उसळलंय, झोपली की बरी होईल.’

काचबिंदू दुखत नाही, याला हा एक अपवाद. चिंचोळा कोपरा एकाएकी पूर्ण बंद झाला की दाब काही तासांत ४०-५० च्या वर जातो. अर्धं डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, डोळा लाल होतो, धुरकट दिसतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. साठीच्या बाईला उलट्या आणि डोकेदुखी म्हटल्यावर घरात आवळासुपारी, सुंठ-साखर आणि अंधारी खोली हे ठरलेलं. अंधारात बाहुली आणखी मोठी होते आणि कोपरा आणखी आवळतो! जवळच्या दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन मिळतं, सलाइन लागतं, आणि डोळ्याकडे कुणी बघतच नाही. दोन दिवसांत नजर जाऊ शकते.

हा धोका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, आणि ज्यांना लहानपणापासून प्लस नंबर आहे त्यांना जास्त, कारण त्यांचा डोळा आकाराने लहान असतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही असा झटका येऊ शकतो. १८५७ साली बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी दाखवून दिलं, की रंगीत पडद्याचा एक तुकडा काढला तर पाण्याला वाट मिळते आणि हा झटका उतरतो. आज तेच काम लेझरने पडद्याला बारीक छिद्र पाडून काही मिनिटांत होतं. एका डोळ्याला झटका आला तर दुसऱ्या, चांगल्या डोळ्यालाही हे छिद्र पाडून घ्यावं लागतं. ‘जो दुखत नाही त्याला कशाला हात लावता,’ म्हणून भांडू नये.

‘मेडिकलमधून आणलेत थेंब, घातले की दोन मिनिटांत डोळा पांढराशुभ्र.’

म्हणूनच भीती वाटते. इतक्या झटपट लाली घालवणाऱ्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असतं. साधारण तिघांपैकी एकाचा दाब स्टेरॉइडने काही आठवड्यांत वाढतो, आणि काहींचा भयंकर वाढतो. ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना दर उन्हाळ्यात तीच जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली आणली जाते, आणि कॉलेजात जाईपर्यंत नस सुकलेली असते. हा काचबिंदू पूर्णपणे टाळता येण्यासारखा, म्हणून त्याचा राग जास्त येतो. चेहरा उजळवण्याच्या नावाखाली विकली जाणारी स्टेरॉइडची क्रीमं पापण्यांभोवती लावली तर तीही डोळ्यात उतरतात. दम्याच्या किंवा सांध्यांच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडं मात्र परस्पर सोडू नयेत. डोळ्याचा दाब तपासत राहावा, एवढंच.

‘सहा महिने थेंब घालतोय, काडीचा फरक नाही.’

फरक न पडणं हाच या औषधाचा गुण आहे. आज जेवढं दिसतं तेवढंच पाच वर्षांनी दिसलं, तर उपचार यशस्वी. मोतीबिंदूने लावलेली सवय इथे आड येते. पैसे मोजायचे आणि नवं काही दिसायचं नाही, हे माणसाला पटत नाही. मग बाटली संपते, नवी येत नाही. डॉक्टरांची तारीख आली की आदल्या रात्री इमानदारीने थेंब पडतात, दाब छान येतो आणि नस तरी सुकतच राहते. डॉक्टर बुचकळ्यात. चुकले असतील तर चुकले म्हणून सांगावं. नाहीतर विनाकारण औषध वाढवलं जातं.

घालायची रीतही नीट हवी. खालची पापणी ओढून तिथे एकच थेंब. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा गालावरून वाहून जातो आणि महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपते. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली फोडली ती तारीख पेनाने तिच्यावरच लिहून ठेवा. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांची बाटली फोडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते.

थेंबांना लोक औषधच धरत नाहीत, आणि इथे जिवाशी गाठ पडू शकते. टिमोलॉल हे स्वस्त, जुनं, चांगलं औषध आहे. पण दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर एका थेंबानेही त्रास उफाळतो. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं छातीच्या डॉक्टरांनी विचारलं की डोळ्याच्या बाटलीचंही नाव घ्या. लॅटॅनोप्रोस्टसारख्या थेंबांनी पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते, डोळे थोडे लाल राहतात. त्रास होत असेल तर औषध बदलून मिळतं. आपल्या मनाने बंद करणं हा उपाय नाही.

‘लेझर म्हणजे शेवटचा उपाय.’ आणि ‘ऑपरेशन झालं, आता कायमची सुटका.’

इंग्लंडमध्ये ७१८ नव्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीलाच जाळीवर लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षं थेंबांची गरजच पडली नाही. त्यानंतर लेझर हा पहिल्या पायरीचा उपचार मानला जाऊ लागला. सगळ्यांना तो चालतो असं नाही. कोपरा उघडा हवा, आणि काही वर्षांनी असर उतरतोही.

थेंब आणि लेझर कमी पडले तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी. डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक झडप करून पाण्याला नवी वाट काढून देतात. वरच्या पापणीखाली एक छोटा फुगवटा राहतो. अवघड डोळ्यांत नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी देशातच तयार केल्यापासून ती परवडू लागली आहे. पण शरीर ही नवी वाट जखम समजून बुजवू पाहतं, म्हणून पहिले काही आठवडे वारंवार बोलावतात आणि पुढेही आयुष्यभर दाखवावं लागतं. फुगवटा असलेला डोळा दहा वर्षांनीही लाल झाला, चिकटला किंवा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा डोळ्यात मध, गुलाबपाणी, त्रिफळ्याचं पाणी यातलं काहीही घालणं म्हणजे जंतूंना आत बोलावणं. तशीही या गोष्टींनी दाब उतरत नाही.

‘मोबाइल आणि टीव्हीनेच हे सगळं होतं.’

मोबाइलने डोळे कोरडे पडतील, झोप उडेल. त्याने काचबिंदू होतो असं सिद्ध झालेलं नाही. मोठा मायनस नंबर, मधुमेह, डोळ्याला लागलेला चेंडू किंवा विटी, ही खरी धोक्याची कारणं. ज्या सवयींबद्दल विचारायला हवं त्या आपल्याला आरोग्याच्या वाटतात. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली, पाय वर अशी आसनं सोडा. चालणं, बाकीचा व्यायाम खुशाल करा, त्याने फायदाच आहे. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात रिचवण्याची सवय असेल तर तेही थोडं थोडं करून प्या. एकदम लिटरभर पाण्याने दाब वाढतो, डॉक्टर तर तपासणीसाठी तसं मुद्दाम करायला लावतात.

‘हा म्हाताऱ्यांचा आजार.’

वयाबरोबर धोका वाढतो हे खरं. पण काही मुलं काचबिंदू घेऊनच जन्मतात. बाळाचे डोळे नेहमीपेक्षा मोठे दिसतात आणि सगळे कौतुक करतात, ‘काय टपोरे डोळे आहेत!’ बाळ उजेडाकडे तोंड करत नाही, डोळ्यांतून पाणी गळतं, बुबुळ निळसर-धुरकट दिसतं. ही लक्षणं असली तर दृष्ट काढत बसू नका. अशा बाळाला लगेच ऑपरेशन लागतं, आणि वेळेवर झालं तर नजर वाचू शकते. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत जिथे आहे तिथे हा आजार जास्त आढळतो, कारण आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते.

मोठ्यांच्या काचबिंदूतही रक्ताचं नातं महत्त्वाचं. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे कुणाला मधुमेह निघाला तर अख्ख्या खानदानाला कळतं, काचबिंदूचं मात्र बोलणं होत नाही. तुमच्या घरी कुणाला निघाला असेल तर त्यांच्या भावंडांना आणि मोठ्या झालेल्या मुलांना या आठवड्यात फोन करा, आणि ‘नस तपासून घ्या’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘डोळे दाखवा’ म्हटलं तर ते चष्म्याच्या दुकानात जातील. तपासणीला जाताना कुणाला तरी बरोबर न्या, कारण बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं आणि गाडी चालवता येत नाही.